अपुरी कथा वाचावी काय?

घरांत पोथी लागली असतां अध्याय अर्धा टाकून उठूं नये, असा जुन्या कुटुंबांतून दंडक असे. वाचणारा थकला, दिव्यांतलें तेल सरत आलें, तरी चालू अध्याय पुरा करूनच पोथी बांधावयाची. या दंडकामागें श्रद्धा होती हें खरेंच. पण त्याखेरीज मनुष्यस्वभावाची एक ओळखही होती. आरंभिलेली गोष्ट मध्येंच तुटली कीं ती ऐकणाराच्या मनाला टोंचत राहते. तरीही पोथीची गोष्ट निराळी. ती आधींच लिहून झालेली असते. आज थांबलें तरी उद्यां पुढचा अध्याय ठरल्या जागीं सांपडतो. परंतु ज्या कथेचा पुढचा अध्याय अजून लिहिलाच गेलेला नाहीं, आणि तो लिहिला जाईल कीं नाहीं हें तिच्या कर्त्यालाही छातीठोकपणें सांगतां येत नाहीं, अशा कथेच्या वाटेस वाचकानें जावें कीं न जावें? प्रश्न दिसावयास लहान आहे; पण आजच्या तरुण वाचकांपुढें तो नित्य उभा राहतो, आणि त्यावरून घरांत वादही होतात.

कांदिवलीस चारकोपच्या वसाहतींत राहणारें एखादें मराठी कुटुंब डोळ्यांपुढें आणावें. घरांत दोन बहिणी आहेत. थोरली रोज लोकलनें चर्चगेटकडे कचेरीस जाते. धाकटी महाविद्यालयांत शिकते. वाचनाचा नाद दोघींनाही सारखाच. धाकटी सध्यां जी कथा वाचीत आहे ती मात्र छापील पुस्तकांतली नाहीं. एका गाजलेल्या कादंबरीमालेवर लुब्ध झालेल्या कोणा वाचकानेंच त्या मालेंतील पात्रें घेऊन, मूळ ग्रंथकारानें जेथें लेखणी ठेवली तेथून पुढची कथा रचावयास घेतली आहे. अशा लेखनाला तरुण मंडळी फॅन फिक्शन म्हणतात. चाहत्यांनीं रचलेली कथा, असा त्याचा सरळ अर्थ. तिचा कर्ता बहुधा हौशी असतो. तो सहसा मोबदला घेत नाहीं. शिक्षण, नोकरी आणि संसार सांभाळून उरल्या वेळांत एकेक प्रकरण लिहितो आणि वाचकांपुढें ठेवतो. धाकटी तें प्रकरण गाडींत, एका हातानें कडी धरून, दुसऱ्या हातांतल्या फोनवर वाचून काढते. अठरा प्रकरणें झालीं, आणि एकोणिसावें येईना. महिना गेला, चार महिने गेले. नायिका वादळांत सांपडलेली होती, ती वादळांतच राहिली.

धाकटीची हळहळ पाहून थोरली म्हणते, "तुला किती वेळां सांगितलें, पुरी झाल्याशिवाय असली गोष्ट हातीं धरूंच नये!" धाकटी उत्तर देते, "पण ताई, सगळेच असे थांबून बसले, तर ती पुरी करायची तरी कोणासाठीं?"

हा वाद जेथल्या तेथें सोडून देण्यासारखा नाहीं. दोन्ही पक्षांचा शांतपणें विचार केला पाहिजे.

थोरलीचा पक्ष प्रथम घेऊं. तो केवळ उतावीळ नसलेल्या माणसाचा पक्ष आहे असें नव्हे. त्यांत शहाणपण आहे. कथेचा शेवट कळल्यावांचून तिच्या आरंभाचा खरा अर्थ कळत नाहीं. पहिल्या प्रकरणांत सहज ठेवलेली वस्तु शेवटच्या प्रकरणांत कामास येते. पंधरा पंधरा दिवसांनीं तुकडे वाचणाराला त्या वस्तूची आठवणही राहत नाहीं. शिवाय कर्ता पुढें जातां जातां मागचें बदलतो, आणि आधीं वाचून बसलेल्या वाचकाच्या हातीं जुनाच पाठ राहतो. आणि सर्वांत मोठें कारण म्हणजे निराशा. ज्या माणसांवर जीव जडला त्यांचें पुढें काय झालें हें कधींच कळूं नये, हें दुःख खोटें नाहीं.

मराठी वाचकाला हें दुःख नवें नाहीं. हरि नारायण आपटे यांच्या कादंबऱ्यांपैकीं बऱ्याच कादंबऱ्या नियतकालिकांतून क्रमशः प्रसिद्ध झाल्या. १८९० सालीं निघालेल्या 'करमणूक' साप्ताहिकाची वाट पाहणारीं घरें महाराष्ट्रांत पुष्कळ होतीं. परंतु त्याच हरिभाऊंच्या 'गणपतराव', 'आजच' आणि 'कर्मयोग' या कादंबऱ्या अपुऱ्या राहिल्या. १९१९ च्या मार्च महिन्यांत हरिभाऊ निवर्तले, आणि त्यांतील माणसें जेथें होतीं तेथेंच उभीं राहिलीं. त्याच वर्षाच्या जानेवारींत राम गणेश गडकरी गेले, आणि 'राजसंन्यास' नाटक अपुरें राहिलें. इंग्लंडांत चार्ल्स डिकन्स १८७० च्या ९ जूनला वारले, तेव्हां त्यांच्या हातीं असलेल्या 'एडविन ड्रूड'चे बारा भागांपैकीं सहाच भाग लिहून झालेले होते. ती रहस्यकथा! एडविन ड्रूडचें काय झालें, तो मारला गेला कीं जिवंत राहिला, यावर लोक आजवर तर्क लढवीत आहेत, आणि अनेकांनीं ती आपापल्या परीनें पुरीही केली आहे. मूळ उत्तर मात्र कर्त्याबरोबर गेलें. तेव्हां थोरली म्हणते तें अगदींच वावगें नाहीं.

आतां धाकटीचा पक्ष. येथें एका शब्दापासून आरंभ करणें सोईचें होईल. इंग्रजीत ज्याला नॉव्हेल म्हणतात त्याला मराठींत आपण 'कादंबरी' म्हणतों. हा शब्द आला कोठून? सातव्या शतकांत हर्षाच्या आश्रयास असलेल्या बाणभट्टानें संस्कृतांत एक गद्य कथा लिहावयास घेतली. तिच्या नायिकेचें नांव कादंबरी, आणि ग्रंथाचेंही नांव तेंच. त्या एका ग्रंथाच्या नांवावरून मराठींतल्या एका सबंध वाङ्मयप्रकाराचें नांव पडलें. आणि नवल असें कीं, तो ग्रंथ बाणाच्या हातून पुरा झालाच नाहीं. बाण वारला तेव्हां कथा मध्यावर होती. तिचा उत्तरार्ध लिहिला त्याच्या मुलानें, भूषणभट्टानें. आपण हें काम कां हातीं घेतलें हें तो आरंभींच सांगतो, आणि त्याचें कारण लक्षांत ठेवण्यासारखें आहे. बापाबरोबर कथाही खुंटली, ती अपुरी राहिल्याचें सज्जनांना दुःख होत होतें, तें पाहवलें नाहीं म्हणून आपण ती पुढें चालविली, कवित्वाच्या अभिमानानें नव्हे, असा त्याच्या सांगण्याचा आशय आहे.

यांतले 'सज्जन' कोण, याचा विचार करावा. ती कथा अपुरी असतांनाच ज्यांनीं वाचली तेच ते. कथा पुरी होईपर्यंत आम्ही तिला शिवणार नाहीं, असें म्हणून ते बसले असते तर त्यांना दुःख झालें नसतें. त्यांना दुःख झालें नसतें तर मुलाला लेखणी उचलण्याचें कारण उरलें नसतें. म्हणजे अपुऱ्या कथेच्या वाचकांची हळहळ हीच त्या ग्रंथाच्या पूर्णतेचें मूळ ठरली. जिला आज आपण पूर्ण 'कादंबरी' म्हणून वाचतों ती त्या हळहळीची देणगी आहे.

दुसरें उदाहरण याहून जवळचें, पैठणचें. एकनाथमहाराजांनीं 'भावार्थ रामायण' आरंभिलें. युद्धकांडाचे चव्वेचाळीस अध्याय झाले आणि १५९९ सालीं नाथांनीं देह ठेवला. राम लंकेंत, युद्ध चालूं, आणि कथा सांगणारा गेला! पुढचें रामायण गावबा नांवाच्या त्यांच्या शिष्यानें पुरें केलें, असें परंपरा सांगते. हा गावबा कोण? तीच परंपरा सांगते कीं, तो कांहीं मोठा पंडित नव्हता. पुरणपोळीच्या आवडीनें नाथांच्या घरीं राहिलेला, लोकांनीं मंदबुद्धि ठरविलेला एक मुलगा होता. आख्यायिकेंत अतिशयोक्ति असेल. पण तिचें मर्म खरें आहे. कथा पुढें नेण्याचा अधिकार लोकांनीं शिक्क्यावर ठरविला नाहीं. ज्यानें ती प्रेमानें ऐकली त्याच्याकडे तो गेला. आजच्या चाहत्यांनीं रचलेल्या कथांना नाकें मुरडणारांनीं गावबाची आठवण ठेवावी.

आणि दुसऱ्याच्या कथेवर आपली कथा उभारणें ही तरी कोठें आजची टूम आहे? महाभारतांतलें सुभद्राहरण हें एक छोटें प्रकरण. त्यावर अण्णासाहेब किर्लोस्करांनीं 'सौभद्र' रचलें. अर्जुनाला बैरागी, बलरामाला रागीट थोरला भाऊ आणि कृष्णाला हंसत हंसत सूत्रें हलविणारा कारस्थानी करून, मराठी घरांतल्या लग्नाच्या खटपटीचा रंग त्याला दिला. मूळ कथेवर जीव असल्याखेरीज असें लिहवत नाहीं.

याच अण्णासाहेबांच्या चरित्रांत धाकटीच्या पक्षाचा सर्वांत बळकट पुरावा सांपडतो. अण्णासाहेब सरकारी कचेरींत नोकरी करीत होते. नाटकाचें वेड त्यांनीं नोकरी सांभाळून जोपासलें. १८८० च्या ३१ ऑक्टोबरला पुण्यास 'शाकुंतल' प्रथम रंगभूमीवर आलें. कालिदासाच्या नाटकाचे अंक सात. त्या रात्रीं झाले ते पहिले चारच. पुढचे तीन अंक पुढील वर्षीं आले. त्यानंतर १८८२ च्या १८ नोव्हेंबरला 'सौभद्र' आलें. तेंही अपुरेंच, पांच अंकांपैकीं तीन. सबंध पांच अंक लोकांना पाहावयास मिळाले ते १८८३ च्या मार्चमध्यें. पुढें १८८४ च्या ऑक्टोबरांत 'रामराज्यवियोग' आलें, त्याचेही तीनच अंक. या खेपेस मात्र उरलेले अंक आलेच नाहींत. १८८५ च्या २ नोव्हेंबरला, वयाच्या अवघ्या बेचाळिसाव्या वर्षीं अण्णासाहेब वारले.

तीन नाटकें, आणि तिन्ही वेळां पुण्याच्या प्रेक्षकानें अपुरें नाटक पाहिलें. पहिल्या दोन वेळां त्याचा विश्वास फळला. तिसऱ्या वेळीं फळला नाहीं. आतां कल्पना करावी कीं, १८८० सालच्या त्या रात्रीं पुणेकरांनीं थोरलीचा नियम पाळला असता. चार अंकांचें नाटक कसलें, सात झाले म्हणजे येऊं, असें म्हणून सारे घरीं राहिले असते. रिकाम्या नाटकगृहांत चार अंक करून त्या मंडळींनीं उरलेले तीन कोणत्या उमेदीनें बसविले असते? 'शाकुंतल' लोकांनीं उचलून धरलें म्हणून किर्लोस्कर नाटक मंडळी उभी राहिली. ती उभी होती म्हणून 'सौभद्र' आलें. आणि तें 'सौभद्र' आजही रंगभूमीवर होतें. जे पूर्ण नाटकाची वाट पाहत घरीं थांबले असतील त्यांनाही पुढें पूर्ण नाटक मिळालें खरें. पण तें मिळालें अपुरें नाटक पाहावयास गेलेल्यांच्या पुण्याईनें.

येथें सगळ्या प्रश्नाचें सार आहे. पूर्ण झाल्यावरच वाचीन म्हणणारा वाचक चूक करतो असें नाहीं. परंतु तो ऋणी असतो, आणि हें ऋण त्याच्या ध्यानांत येत नाहीं. कोणीतरी त्याच्या आधीं जाऊन, निराशेची जोखीम पत्करून, कर्त्याजवळ बसलेला असतो. म्हणूनच कर्ता उठून गेलेला नसतो.

वाचकाच्या उपस्थितीनें कथेंत काय फरक पडतो याचें विलायतेंतलें प्रसिद्ध उदाहरण डिकन्सच्याच 'पिकविक पेपर्स'चें आहे. १८३६ सालीं तें मासिक भागांनीं निघूं लागलें तेव्हां त्याला फारसें कोणी विचारीत नव्हतें. चौथ्या भागांत सॅम वेलर हा गमत्या नोकर आला, आणि तो लोकांच्या मनांत भरला. लोकांना काय रुचलें हें पुढचे भाग लिहिण्यापूर्वींच कर्त्याला कळलें. त्यानें सॅमला हाताशीं धरलें, आणि खप हजारांवर गेला. पुस्तक पुरें लिहून एकदम छापलें असतें तर सॅम वेलर एखाद्या प्रकरणांत येऊन गेला असता, इतकेंच. हरिभाऊंच्या 'पण लक्षांत कोण घेतो!' या कादंबरीचेंही असेंच म्हणतां येईल. १८९० पासून ती 'करमणुकी'ंत येऊं लागली. यमू आपली कहाणी स्वतःच्या तोंडानें सांगते. ती एका बैठकींत संपविणाऱ्या आजच्या वाचकापेक्षां, तिच्या पुढच्या हकीकतीसाठीं आठवडा आठवडा थांबणाऱ्या त्या काळच्या घरांना ती अधिक जवळची वाटली असेल. शेजारच्या घरांतली मुलगी एका दिवसांत कळत नाहीं; ती दिवसांमागून दिवस दिसते म्हणून आपली होते.

मग वाचकानें करावें काय? सर्वांना एकच नियम लावणें बरोबर नाहीं. कथांचेही प्रकार आहेत. ज्या कथेचा सारा प्राण शेवटांत असतो, खून कोणी केला, ठेवा कोठें पुरला, पत्र कोणी चोरलें, अशी कथा पुरी होईपर्यंत थांबावें, हेंच बरें. कुलूप आहे पण किल्ली नाहीं, अशी पेटी घरांत आणून ठेवण्यांत अर्थ नाहीं. परंतु ज्या कथेचा आनंद माणसांच्या सहवासांत आहे, त्यांच्या बोलण्यांत, भांडणांत, समेटांत आहे, ती अपुरी असली तरी खुशाल वाचावी. 'राजसंन्यास' अपुरें आहे म्हणून त्यांतले संवाद कोणी कमी आवडीनें वाचले नाहींत. प्रवास अर्ध्यावर थांबला तरी वाटेंत पाहिलेलीं गांवें खोटीं होत नाहींत.

दुसरी गोष्ट. ज्यानें अपुरी कथा वाचावयाचें ठरविलें त्यानें दोन पथ्यें पाळावीं. पहिलें असें कीं, आवडलेलें प्रकरण मुकाट्यानें वाचून बाजूस ठेवूं नये. कर्त्याला दोन ओळी कळवाव्या. हौशी कर्त्याला पैसा मिळत नाहीं, मानसन्मान मिळत नाहीं. अमुक प्रसंग वाचतांना डोळ्यांत पाणी आलें, एवढें कोणी कळविलें तर तीच त्याची बिदागी. दुसरें पथ्य पहिल्याहून अवघड आहे. पुढचें कधीं, पुढचें कधीं, असा तगादा लावूं नये. हरिभाऊंना मृत्यूनें अडविलें. आजच्या कर्त्याला परीक्षा अडवील, आजारपण अडवील, घरांतलें लहान मूल अडवील. प्रेमानें दिलेल्या वस्तूवर सावकारी हक्क सांगणें शोभत नाहीं. वाचकाचें कौतुक कर्त्याला लिहितें करतें. त्याचा तगादा मात्र पुष्कळदां लेखणी खालीं ठेवावयास लावतो.

आणि जो थांबावयाचें ठरवील त्यानेंही एक पथ्य पाळावें. कथा पुरी झाली कीं ती खरोखरीच वाचावी. थांबणारांपैकीं पुष्कळ जण थांबतात आणि विसरून जातात. वाट पाहणें आणि टाळणें यांत फार अंतर नसतें. तें राखावयाचें असेल तर वाट पाहणारानें शेवटीं दाराशीं आलें पाहिजे.

आतां चारकोपच्या त्या दोन बहिणींकडे परत वळूं. धाकटीच्या प्रश्नावर थोरली गप्प राहिली. त्याचें कारण धाकटीला ठाऊक नव्हतें. महाविद्यालयांत असतांना थोरलीनेंही अशीच एक कथा लिहावयास घेतली होती. लहानपणीं वाचलेल्या एका पुस्तकांतलीं माणसें मोठीं झाल्यावर काय करतील, अशी ती कथा. सात प्रकरणें तिनें लिहिलीं, लोकांपुढें ठेवलीं. पहिल्याला दोघांनीं बरें म्हटलें, दुसऱ्याला एकानें. पुढें कोणीच कांहीं म्हटलें नाहीं. एका मैत्रिणीनें मात्र कळविलें होतें, 'पुरी झाली कीं सांग, मग एकदम वाचीन.' आठवें प्रकरण निम्मेंच राहिलें. नंतर नोकरी लागली, सकाळची गाडी आली, आणि वही मागें पडली. अपुऱ्या कथा वाचूं नयेत हा नियम तिनें त्यानंतरच केला. दुसऱ्याची अपुरी कथा पाहिली कीं तिला स्वतःची आठवत असे.

त्या रात्रीं जेवणें झाल्यावर तिनें धाकटीला विचारलें, "त्या तुझ्या गोष्टीच्या लेखिकेला तूं कांहीं लिहिलंस का कधीं?" धाकटी ओशाळली. अठरा प्रकरणें तिनें आवडीनें वाचलीं होतीं, मैत्रिणींना सांगितलीं होतीं. पण जिनें लिहिलीं तिला एक अक्षर कळविलें नव्हतें. मग दोघी बहिणी मिळून चार ओळी लिहावयास बसल्या. पुढें कधीं लिहिणार, असें त्यांत विचारलें नाहीं. वादळाचें प्रकरण कसें साधलें आहे, एवढेंच लिहिलें.

एकोणिसावें प्रकरण त्यामुळें येईलच असें नाहीं. कदाचित् ती कथा 'रामराज्यवियोगा'च्या वाटेनें जाईल, कदाचित् 'सौभद्रा'च्या. तें कोणाच्याच हातीं नाहीं. परंतु पत्र धाडून झाल्यावर धाकटीनें सहज विचारलें, "ताई, तुझ्या कपाटांत ती निळी वही कसली गं?" तेव्हां थोरलीनें ती काढून तिच्या हातीं दिली, आणि म्हणाली, "वाच. पण आधींच सांगून ठेवतें, अपुरी आहे."